मधलं गवत

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळ नाही, धाकट्या भावाजवळ नाही. एकदा अर्धं बोललो — तलासरीला, एका बाईच्या ओट्यावर बसून — आणि उरलेलं अर्धं चहाबरोबर गिळून परत आलो. आज सगळं बोलायचं ठरवलंय. क्रम मागेपुढे होईल, कारण हे मी स्वतःशीसुद्धा कधी सलग बोललेलो नाही.

वणव्यांपासून सुरू करतो. तिथे मला बोलता येतं.

आमच्या घरात माझी तीच ओळख होऊन बसली आहे. जगात कुठेही जंगल पेटलं की सून स्वयंपाकघरातून सांगते, "बाबा, कॅनडात पुन्हा लागलंय," — क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसं. मग मी चष्मा शोधतो आणि फोन घेऊन ओटीवर बसतो. ऑस्ट्रेलियातला तो उन्हाळा मी असाच पाहिला. भरदुपारी आकाश तांबडं, आणि एका गावची माणसं पोराबाळांना घेऊन समुद्राच्या काठी उभी, कारण बाकीच्या तिन्ही बाजूंना आग. कॅलिफोर्नियातलं एक गाव सकाळी होतं, संध्याकाळी नव्हतं. गावातून बाहेर पडायला रस्ते थोडे, त्यावर गाड्यांची रांग, आणि दोन्ही बाजूंची झाडं पेटलेली. हवाई बेटांवरचं ते जुनं बंदराचं गाव — तिथे तर दाट जंगलही नव्हतं. उसाची शेती बंद पडून मोकळ्या राहिलेल्या जमिनीवर गवत माजलेलं, वाळलेलं. गवतानेच गाव खाल्लं. माणसांनी समुद्रात उड्या टाकल्या. आणि सैबेरियात म्हणे आग जमिनीच्या पोटात शिरून बसते, वर बर्फ पडतं तरी आत धुमसत राहते, आणि उन्हाळा आला की पुन्हा डोकं वर काढते.

हे मी का बघतो? लोकांना वाटतं, म्हातारपणाचा छंद. नोकरी कारखान्यात झाली, तारापूरला, तीही सुरक्षा विभागात. म्हणजे आगीशीच संबंध. कामगारांना उन्हात उभं करून मी वर्षानुवर्षं तेच शिकवलं. पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल पेटवायचं, आग विझवायच्या सिलिंडरची पिन ओढायची, नळी ज्वाळेवर नाही, आगीच्या बुडावर धरायची. तेव्हा हा माणूस निवृत्तीनंतरही आगच बघत बसणार, त्यात नवल काय?

पण मी ज्वाळा बघत नाही. मला दुसरंच काहीतरी हवं असतं. एवढी मोठी आग — जी अंतराळातून दिसते म्हणतात — ती अगदी सुरुवातीला केवढी होती? ताटाएवढी? तळहाताएवढी? आणि कोणत्या क्षणापर्यंत एक माणूस ती पायाने विझवू शकला असता? असा एक क्षण प्रत्येक आगीत असतोच ना? त्याच्या अलीकडे ती आपली, पलीकडे कोणाचीच नाही.

तिकडे हे शोधणारी माणसं असतात. सगळं शांत झालं की ती येतात, राखेत गुडघे टेकतात आणि जमीन वाचतात. दगड कोणत्या अंगाला काळा पडलाय. गवताच्या अर्धवट जळालेल्या काड्या कोणत्या दिशेला पडल्यात. असं करत करत मागे जात ती एका जागेवर येऊन थांबतात. इथून. विजेच्या तारेने, किंवा आभाळातल्या विजेने, किंवा अमुक माणसाच्या हातून.

आमच्याकडे असं कोणी येत नाही. आमचे डोंगर दरवर्षी जळतात. फाल्गुन-चैत्रात अंधार पडला की गंजाडच्या पुढच्या टेकड्यांवर आगीची वेडीवाकडी रेघ दिसते. लहानपणी आम्ही डहाणूहून आमच्या चिकूच्या वाडीच्या कुंपणावर चढून ती बघायचो. कोणी लावली, कुठून लागली, कोणी विचारत नाही. जळलं ते जळलं.

फक्त एकदा विचारलं होतं. आणि विचारलं मला.

गंजाडच्या पुढे डोंगराच्या उतारावर आमचा जमिनीचा एक तुकडा आहे. वडिलांनी घेतला, पण काही केलं नाही. मी तिथे आंब्याची कलमं लावली, थोडे काजू. एक गाडीवाट उतारावरून आडवी जाते. माझी कलमं तिच्या खालच्या अंगाला. हद्दीपलीकडे, पण वाटेच्या खालच्याच अंगाला, ओहोळाच्या काठी मोहाचं एक जुनं झाड. वाटेच्या वर नुसतं गवत, पार डोंगराच्या माथ्यापर्यंत, आणि माथ्यावर पाडा. दहाबारा घरं.

मोहाचं झाड सुकरीचं. सातबाऱ्यावर नव्हे — पण पाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं की त्या झाडाची फुलं सुकरी वेचते, तिची सासू वेचायची, तिच्या आधी सासूची सासू. सुकरी माझ्या कलमांना पाणी घालायला यायची. नवरा चिंचणीला बोटीवर खलाशी, महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचा. ती स्वतः धवलेरी होती. त्यांच्यात लग्न लावायला भटजी नसतो, धवलेरी असते — ती लग्नाची गाणी म्हणते, त्याशिवाय लग्न लागत नाही. आजूबाजूच्या पाड्यांवरून तिला बोलावणी यायची. एरवी अंगापिंडाने बारीक, हळू बोलणारी बाई, पण कलमांना पाणी घालताना गुणगुणायला लागली की मी हातातलं काम ठेवून ऐकायचो.

मोह गळायचे दिवस होते. फुलं पहाटे गळतात आणि खाली पाचोळा असला की त्यात हरवतात. म्हणून बायका झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करतात. त्या दिवशी सकाळी सुकरी तेच करत होती. मी नुकताच पोचलो होतो. कुतूहल म्हणून जवळ जाऊन उभा राहिलो, आणि खरं सांगतो, सुरक्षा विभागातल्या माणसाला दोष काढायला जागा नव्हती. तिने आधी भोवतालची एक पट्टी झाडून काढली होती. पाचोळा थोडा थोडा पेटवला. हातात करंजाची ओली फांदी, कडेला ज्वाळ आली की ती मारायची. शेवटी ओहोळाच्या वाळूत खणलेल्या डवऱ्यातून हंडा भरून आणला आणि सगळीकडे पाणी शिंपडलं.

"विझली का पूर्ण?" मी विचारलं. सवयीने विचारलं.

"विझली शेठ. हात लावून बघा."

मी हात लावून बघितला. राख गार होती. दोन-तीन ठिकाणी लावला. सगळीकडे गार.

हे मी मुद्दाम सांगतोय. पुढे कधी मला शंकेचा आधार घेता येऊ नये म्हणून. तिची आग विझली होती आणि ते मला माझ्या हाताने ठाऊक होतं.

सुकरी वर पाड्यावर गेली. मी जेवलो. कलमांजवळच्या माझ्या खोपीत जरा पडलो, झोप आली नाही. बाहेर येऊन गाडीवाटेवर उभा राहिलो आणि वरच्या गवताकडे बघायला लागलो. छातीपर्यंत वाढलेलं, वाळून पिवळंधमक. दर एक-दोन वर्षांनी वणवा वरून खाली यायचा आणि माझी काही कलमं होरपळायची. यावर उपाय असतो — जाळरेषा. आग येण्याआधीच गवताची एक पट्टी आपण जाळून टाकायची, म्हणजे आग तिथवर येऊन उपाशी मरते. जंगल खातं हे करतं. फोनवर मी मोठमोठ्या वणव्यांत जवानांना असंच करताना पाहिलं होतं. हातात पेटती कुपी घेऊन रस्त्याच्या कडेने शांतपणे चालणारा माणूस, आणि त्याच्या मागे आज्ञाधारकपणे पेटत जाणारी रेघ.

जाळरेषा थंडीत काढतात. सकाळी, गवतावर दव असताना. चार माणसं, फांद्या, पाणी घेऊन. चैत्रात नाही, दुपारी नाही, एकट्याने तर कधीच नाही. हे मला कोणी सांगायला हवं होतं का?

मग का केलं? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की आता त्याचं उत्तर जुनं झालंय, पण दुसरं सापडत नाही. मला बघायचं होतं. आयुष्यभर मी ट्रेमधली आग पाहिली होती. जागच्या जागी जळणारी. आग चालते कशी, ते जवळून कधी पाहिलं नव्हतं. कलमांचं रक्षण वगैरे कारण होतं, खोटं नव्हतं — पण त्या कारणासाठी मी डिसेंबरची सकाळ निवडली असती.

चहासाठी ठेवलेली काड्यापेटी खिशात होती. वाटेच्या वरच्या कडेला वाकलो आणि गवताच्या बुडाला काडी लावली.

सुरुवातीला ती खरंच तळहाताएवढी होती. मी ओली फांदी हातात घेऊन बाजूला उकिडवा बसून बघत होतो. एक काडी पेटायची, वाकायची, शेजारच्या काडीला टेकायची. इतकं साधं. मी फांदी मारली, ती विझली. पुन्हा लावली. हवी तेवढी वाढू दिली, पुन्हा मारली. माझं ऐकत होती.

आणि मग दर्याकडचा वारा सुटला. दुपार कलली की तो सुटतोच. किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला हे घड्याळ न बघता कळतं. मला त्या वेळी आठवलं नाही. की आठवलं होतं? तेही आता छातीठोक सांगता येत नाही.

नवं कापड टराटरा फाडावं तसा आवाज झाला. आग उभी राहिली आणि चढायला लागली. मी फांदीने झोडपायला गेलो, भुवया जळाल्या, मागे आलो. आणि मग — हे सांगायला मला फार जड जातंय — मी उभा राहिलो. पळालो नाही, ओरडलो नाही. बघत राहिलो. भीती होती, नाही कशी? पण भीतीच्या पुढे आणखी काहीतरी येऊन उभं होतं आणि ते नुसतं बघत होतं. चढावर आग किती वेगाने जाते, वाचलं होतं. आता दिसत होतं. माथ्यावर घरं आहेत हे माझ्या डोक्यात होतं, पण कुठेतरी लांब, दुसऱ्याच कोणाच्या तरी डोक्यात असल्यासारखं.

भानावर आलो तेव्हा मोटरसायकल काढली. तिथे फोनला रेंज नव्हती. खाली गंजाडला जाऊन माणसं गोळा केली, टेम्पोत पिंपं टाकून आणली. पाड्यावर पोचलो तोवर पाड्यातल्यांनीच बरंचसं विझवलं होतं. दोन कुडाची घरं गेली होती. पेंढ्याच्या उडव्या गेल्या, कणगीतलं बियाण्याचं भात गेलं. गळ्यात दोर असलेल्या शेळ्या दावणीला तशाच जळाल्या. माणूस मेलं नाही. सुकरीचा दीर लाडक्या, त्याचं घर पहिलं जळालं. त्याची बायको शेळ्या सोडवायला आत घुसली होती, तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत भाजले. ती बोटं पुढे कधी पूर्ण मिटली नाहीत.

आणि पाड्यासाठी मी कोण होतो? धावत जाऊन मदत घेऊन येणारा शेठ.

संध्याकाळी सगळे जमिनीवर बसले होते. कोणीतरी म्हणालं, सकाळी सुकरीने मोहाखाली पेटवलं होतं. ते वाक्य कोणी आरोप म्हणून बोललं नव्हतं. नुसतं बोललं गेलं आणि मग सगळ्यांच्या मध्ये पडून राहिलं. सुकरी उठली. संधिप्रकाशात एकटी उतार उतरून खाली गेली आणि परत आली.

"माझी आग वर नाय आली," ती म्हणाली. "मोहाच्या वर मधी गवत हता तो तसाच उभा आहे. वाटेवरून बघा ना."

खरं होतं. माझी आग वाटेच्या वरच्या कडेला सुरू झाली होती. वाट आणि मोहाखालची सुकरीची जागा, या दोन्हींच्या मध्ये गवताचा एक पट्टा शाबूत होता. फार नाही, दोन बैलगाड्या आडव्या उभ्या राहतील एवढा. तिची आग वर गेली असती तर त्या पट्ट्यातूनच गेली असती.

लाडक्या म्हणाला, "सकाली बघू." अंगात त्राण कोणाच्याच नव्हतं.

मी त्या रात्री खोपीतच राहिलो. पुन्हा कुठे भडकली तर, असं सगळ्यांना सांगितलं. मला चांगला माणूस म्हणून निरोप दिला त्यांनी.

इथवर मी जे सांगितलं ते मूर्खपणा म्हणता येईल. अपघात म्हणता येईल. तुम्ही कदाचित मनातल्या मनात म्हणालाही असाल, की होतं माणसाकडून. मला तिथेच थांबायची सवय झालीय. स्वतःशी हे आठवतानाही मी तिथे थांबतो आणि कूस बदलतो.

उजाडायच्या सुमारास मी मोहाच्या झाडाखाली गेलो. आदल्या दिवशीच्या राखेवर मोहाची फुलं पडली होती, पिवळट, टपोरी, नुकतीच गळलेली. त्या दिवशी वेचायला कोणी आलं नव्हतं. मी कडेचा पाचोळा गोळा करून गवताच्या त्या पट्ट्यात पसरला. दव होतं, पहिल्या काड्या विझल्या. मग पेटलं. मी ओहोळातून पाणी आणून ठेवलं होतं. वारा पडलेला होता. हातात ओली फांदी घेऊन मी चारही बाजूंनी फिरलो, वाटेच्या कडेपासून सुकरीच्या राखेच्या कडेपर्यंत, ठिणगी इकडेतिकडे जाऊ दिली नाही, आणि शेवटी पाणी शिंपडून राख गार केली. त्या पहाटे मी सगळे नियम पाळले.

त्या वेळी मनात काय चाललं होतं? तुम्हाला जाणून घ्यायचं असेल, मलाही घ्यायचंय. रडलो नाही. एकच आठवतं — ताजी राख जास्त काळी दिसते, आदल्या दिवशीची करडी झालेली असते, आणि हा फरक कोणाला दिसेल का, एवढाच विचार मी करत होतो. दिसला नाही. डोंगरभर अजून बुंधे धुमसत होते, त्यात माझा धूर मिसळून गेला.

उन्हं आली तशी माणसं उतरली. सुकरी सगळ्यांच्या पुढे होती. वाटेवर येऊन ती थांबली.

ती ओरडली नाही. खाली उतरली, वाकली आणि जिथे आदल्या संध्याकाळी गवत उभं होतं तिथे हात टेकवला. हाताला राख लागली. ती तिने पाहिली. मागे लाडक्या उभा होता, त्याने मान दुसरीकडे वळवली. एक म्हातारा म्हणाला, "काल तर बोलली, गवत उभा आहे."

"हता," सुकरी म्हणाली. "मी बघितला हता."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. आशेने पाहिलं. मी आदल्या दिवशी सकाळी तिची विझलेली राख हात लावून बघितली होती, ते तिला आठवत असणार. "शेठ, तुम्ही आगीतला जाणता. तुम्ही सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "आग खालून वर चढते."

बस, एवढंच. यात एक शब्द खोटा नाही. कारखान्यात मी हे शेकडो वेळा शिकवलंय. सुकरी खाली होती, पाडा वर होता. पुढचं त्यांनी जुळवलं. सुकरीनेही जुळवलं — आणि तिने मान खाली घातली ती माझं ऐकून.

त्यानंतर ती नवऱ्याला घेऊन डहाणूला आमच्या वाडीवर आली. माफी मागायला. वाटेलगतची माझी काही कलमं आगीच्या झळीने होरपळली होती म्हणून. बायकोने दोघांना चहा दिला. पावसाळ्यात आम्ही येऊन नवीन कलमं लावून देऊ, तिचा नवरा म्हणाला, मजुरी नको. मी म्हणालो, असू दे, असू दे. पण तिने ऐकलं नाही, आषाढात भर पावसात येऊन तिने एकेक कलम लावलं. त्यांचे आंबे आम्ही खातो. मी पाड्यातल्या जळालेल्या दोन घरांवर पत्रे घालून दिले होते, त्यामुळे माझं नाव तिथे आणखीच मोठं झालं.

सुकरीला लग्नांची बोलावणी येईनाशी झाली. कोणी ठरवून बंद केलं नाही. जिच्या हातून पाडा जळाला, तिच्या तोंडून लग्नाची गाणी नकोत, एवढंच. पुढच्या वर्षी मोहाखाली पाचोळा तसाच पडून राहिला. ती कलमांना पाणी घालायला यायची, पण गुणगुणायची नाही. मग नवरा वारला आणि ती तलासरीला मुलीकडे गेली, मीनाकडे. मीना हद्दीपलीकडे गुजरातेत कंपनीत कामाला जाते.

मी वणवे बघत राहिलो. बघता बघता ती आगीचं मूळ शोधणारी माणसं मला भेटली, पडद्यावर. त्यांचं काम बघायला मला आवडायचं. पण कधी कधी राखेत गुडघे टेकलेला तो माणूस मान वर करून कॅमेऱ्याकडे बघायचा, आणि मला फोन उलटा ठेवावा लागायचा.

गेल्या हिवाळ्यात तलासरीला गेलो. बायकोला सांगितलं, चारोटीला काम आहे. चारोटीला थांबलोही, हायवेवरच्या एका हॉटेलात बसून काय बोलायचं ते ठरवलं. सगळं बोलायचं ठरवलं होतं.

सुकरी ओट्यावर ऊन खात बसली होती. केस पांढरे झालेले. डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, काळा चष्मा होता, तो काढून तिने मला ओळखलं आणि आनंदली. मीनाने चहा ठेवला. बायकोची, नातवाची, चिकूच्या वाडीची चौकशी झाली. आणि मग मी म्हणालो, "सुकरीबाय, ती आग तुझी नव्हती. मी लावली होती. वाटेच्या वर. जाळरेषा काढायला गेलो आणि वाऱ्याने हातातून गेली."

ती हसली. लहान पोराची समजूत काढताना हसतात तसं.

"काय तरी बोलता शेठ."

"खरं सांगतोय."

"मग मधला गवत कसा जलला?" तिने विचारलं.

तक्रार नव्हती त्यात. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. इतक्या वर्षांत तिनेही तो प्रश्न सोडला नव्हता.

"मी संध्याकालला तो उभा बघितला हता," ती म्हणाली. "सकाली नव्हता. तवापासून मना माझ्या डोल्यांचा भरोसा नाय."

मीना आतून म्हणाली, "आई गॅस बंद करते आणि मला चारदा उठवते, खरंच बंद आहे का बघ म्हणून. डॉक्टरने सांगितलं, डोळे चांगले झालेत. तरी तेच."

एक वाक्य होतं माझ्याकडे. तुझे डोळे तेव्हाही चांगले होते, ते गवत मी सकाळी जाळलं. तेवढ्याने तिला सगळं पटलं असतं. पहिलं अर्धं पटवायला दुसरं अर्धं लागत होतं, आणि ते सांगितलं असतं तर समोरची बाई माझ्याकडे कशी बघेल, ते मला बघायचं नव्हतं. आयुष्यात सगळं बघायची हाव धरली, पण एवढं मात्र बघवणार नव्हतं.

मी म्हणालो, "वाऱ्याने गेली असेल खाली." आणि चहा प्यायलो.

निघालो. गाडीचा दरवाजा उघडत होतो तेव्हा मागे ती मीनाशी बोलत होती, मला ऐकू यावं म्हणून नव्हे, सहज.

"बघ, केवढा मोठा मन. माझा जीव हलका व्हावा म्हणून एवढा लांब येऊन खोटा बोलला."